नडगी दुखतेय. पळू की थांबू?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना आलेले "अं", "म्हणजे" गाळलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. आणि पळता पळता ऐकत असाल तर एक कान मोकळा ठेवा. मागून ट्रक येतो, आणि आपल्याकडे बाजूला ऊस असतो.

हसू नका, उसाचा या विषयाशी संबंध आहे. मंचरमध्ये पहाटे साडेपाचला पुणे-नाशिक रस्त्याच्या बाजूला उभे राहा. पाच-सहाच्या घोळक्याने पोरं-पोरी पळताना दिसतील. कोणी पोलीस भरतीवाले, कोणी अग्निवीरवाले. कॅनॉलच्या कडेची मातीची वाट सोडून ही पोरं डांबरावर का येतात? कारण जुन्नर-आंबेगावात उसातून बिबट्या कधी समोर येईल याचा नेम नाही. अंधारात शेताच्या वाटेने एकटं पळू नको, असं घरोघरी सांगतात. मग उजेड आणि माणसं जिथे असतील तो रस्ता धरायचा. रोज तोच रस्ता, तेच अंतर, तोच वेग. आणि महिना-दीड महिन्यात घोळक्यातला एकजण लंगडायला लागतो.

मी आयटीत काम करतो, डॉक्टर नाही. पण गेल्या दोन वर्षांत आमच्या घरात पळून पळून झालेली दोन दुखणी बघितली. एक माझं, एक माझ्या आतेभावाचं. दोघांनीही चूक केली, पण बरोबर उलटी. त्यातून मला जे कळलं ते आज सांगतो.

आधी दोघांची गोष्ट

मी वर्क फ्रॉम होमवाला. दिवसभर खुर्ची. एका वर्षी मित्रांच्या नादाने हाफ मॅरेथॉनला नाव दिलं आणि तीन किलोमीटरवरून थेट दहावर उडी मारली, तीही अवसरी घाटाच्या चढावर. टाचेच्या मागे, पोटरीकडून येणारी जी जाड दोरी असते ना, अकिलीस टेंडन, ती दुखायला लागली. सकाळी पलंगावरून उतरलं की पहिली वीस पावलं म्हाताऱ्यासारखी. मी तीन आठवडे पूर्ण आराम केला. दुखणं गेलं. पुन्हा पळालो, चौथ्या दिवशी परत हजर. पुन्हा तीन आठवडे आराम, पुन्हा तेच. असं तीनदा केलं.

आतेभावाचं उलटं. त्याची पोलीस भरतीची तयारी. त्याची नडगी आतल्या बाजूने दुखायची. "पळून पळून मोकळी होईल," असं सोबतचे म्हणायचे. तो गरम पट्टी बांधायचा, मेडिकलमधून गोळी आणायचा आणि सकाळी पुन्हा १६०० मीटरचं टायमिंग द्यायचा. सहाव्या आठवड्यात त्याला जिना उतरता येईना. तपासणीत निघालं स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला केसासारखी बारीक चीर. ग्राउंडची तारीख पंधरा दिवसांवर होती. ती गेली.

मी आराम करून चुकलो, तो आराम न करून. मग खरं काय? पळायचं की थांबायचं? उत्तर आहे: दुखतंय काय, त्यावर ते ठरतं. दोरी दुखत असेल तर तिला मोजून काम द्यायचं. हाड दुखत असेल तर त्याला सुट्टी द्यायची. दोघांना एकच औषध लावलं की घोटाळा होतो.

पडलो नाही, धडपडलो नाही, मग दुखलं कशाने?

थोडं गणित करू. अग्निवीरच्या धावण्यात १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत मारलं तर पूर्ण गुण. पोलीस भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर याला २०, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५. एका सेकंदावर गुण हलतात, म्हणून जो तो टायमिंगच्या मागे.

त्या १६०० मीटरमध्ये साधारण हजार पावलं पडतात, एका पायावर पाचशे. पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन ते तीन पट दाब येतो. तुमचं वजन ६० किलो असेल तर दर पावलाला १२० ते १८० किलो. सकाळ-संध्याकाळ मिळून आठ किलोमीटर केले की एका पायावर असे हजारो दणके, रोज.

शरीर हे सोसतं. नुसतं सोसत नाही, त्याने मजबूत होतं. पण त्याला वेळ लागतो. हाडाचं काम तर रस्ता दुरुस्तीसारखं चालतं. आधी जुना, खराब झालेला भाग खोदून काढतात, मग नवा भरतात. खोदायचं काम काही आठवड्यांत उरकतं, भरून पक्कं व्हायला महिने लागतात. म्हणजे नवीन सराव सुरू केल्यावर मधले काही आठवडे असे येतात की दम वाढलेला असतो, पोटऱ्या तयार झालेल्या असतात, पण हाड आतून खोदलेलं असतं. नेमकं तेव्हाच आपल्याला वाटतं, "आता जमतंय, वाढवू या." आतेभावाचं तसंच झालं.

हे काही आजचं नाही. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने नव्या सैनिकांचे पाय सुजतात, दुखतात, अशी नोंद केली. मार नाही, जखम नाही, फक्त लांब लांब चालणं. तेव्हा एक्स-रे नव्हताच, त्यामुळे आत काय झालंय ते दिसेना. पुढे १८९७ मध्ये एक्स-रेत दिसलं की ही हाडाची चीर आहे. 'मार्च फ्रॅक्चर' हे नाव त्यातूनच आलं. म्हणजे भरतीतल्या पोरांचं हे दुखणं पावणेदोनशे वर्षांपासून डॉक्टरांना माहीत आहे. आपल्या घोळक्यात मात्र ते अजून "सवय नाही म्हणून दुखतंय" यावरच मिटतं.

तीन मिनिटांची घरगुती तपासणी

यावरून निदान होणार नाही, पण डॉक्टरकडे आजच जायचं की नाही ते कळेल.

पहिलं, दुखतंय तिथे हात लावून दाखवा. नडगीच्या आतल्या कडेवर चार-पाच बोटं रुंद पट्टा दुखत असेल, तर बहुतेक वेळा तो शिन स्प्लिंट असतो. पण एकाच बोटाने नेमका ठिपका दाखवता येत असेल आणि दाबल्यावर जीव कळवळत असेल, तर हाडाचा संशय घ्या.

दुसरं, कधी दुखतं? सुरुवातीला दुखून अंग गरम झाल्यावर कमी होत असेल तर तो टेंडनचा स्वभाव. पळत जाल तसं वाढत असेल, नंतर नुसतं चालतानाही दुखत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल, तर ते हाडाचं लक्षण.

तिसरं, चालताना दुखत नसेल तरच, त्या पायावर हळूच एक उडी मारा. ठिपक्यावर कळ आली तर तिथेच थांबा. दहा उड्या पूर्ण करून दाखवायची ही स्पर्धा नाही.

आणि दोन जागा अशा आहेत जिथे थांबून बघू वगैरे काही नाही. पळताना जांघेत खोल दुखत असेल, किंवा नडगीच्या समोरच्या धारेवर मधोमध ठिपका दुखत असेल, तर त्याच दिवशी पळणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे. जांघेतलं दुखणं म्हणजे खुब्याच्या हाडाची चीर असू शकते. तिच्यावर पळत राहिलात आणि ते हाड सरकलं, तर ऑपरेशन होतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत स्ट्रेस फ्रॅक्चर साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. आतेभावाचा पहिला एक्स-रे "नॉर्मल" आला होता. तो खूश होऊन दुसऱ्या दिवशी पळाला. एक्स-रे नॉर्मल, पण ठिपका दुखतोय, असं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "एमआरआय करायचा का, की दोन-तीन आठवडे पळणं बंद ठेवून परत एक्स-रे काढायचा?" एमआरआय खर्चिक असतो हे मान्य. पण थांबून परत एक्स-रे काढणं तर जमण्यासारखं आहे.

हाड असेल तर

साध्या जागेच्या चिरेला बहुतेकदा सहा ते आठ आठवडे पळण्यापासून सुट्टी लागते. पूर्ण वेगात यायला तीन महिने, कधी जास्त. ऐकायला वाईट वाटतं. पण त्यावर पळत राहिलात तर हेच गणित सहा महिन्यांवर जातं.

सुट्टी म्हणजे पलंगावर पडणं नाही. चालताना दुखत असेल तर आधी तो भार कमी करायचा, गरज पडली तर कुबडी. चालणं बिनदुखीचं झालं की डॉक्टरांना विचारून सायकल सुरू करायची. आतेभावाने दम टिकवायला सायकल मारली आणि बसून करायचे वरच्या अंगाचे व्यायाम केले, कारण गोळाफेकीचे १५ गुण तर कुठे गेले नव्हते. आत्या म्हणायची, "पाय मोडलाय तरी याचं बूड टेकत नाही." पण त्याच दिवसांत त्याचा गोळा सुधारला.

आणि खाणं. हा भाग पोरं ऐकून सोडून देतात. हाड भरायला माल लागतो. खोलीवर राहून सकाळी चहा-बिस्किट, दुपारी वडापाव आणि त्यावर दोन वेळा पळणं, यात हाड कशाने भरणार? महागडा डबा नको. भाकरी, मटकी-हरभरा, शेंगदाणे, दूध, अंडी, पण पोटभर आणि वेळेवर. ड जीवनसत्त्व कमी आहे का ते तपासून घ्या, मनाने इंजेक्शनं घेऊ नका.

मुलींसाठी एक वेगळं सांगतो, आणि मुलांनीही ऐका, कारण बहिणी तुमच्याच आहेत. सराव वाढला, वजन उतरलं आणि पाळी यायची बंद झाली, तर "बरंच झालं, कटकट गेली" असं समजू नका. शरीराला पुरेसं मिळत नाहीये, म्हणून ते एकेक खातं बंद करतंय. हाडांचं खातंही त्यातच येतं. ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून या अवस्थेला 'रेड-एस' असं नाव दिलंय, आणि ती मुलांमध्येही होते. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांना दाखवा.

टेंडन असेल तर

आता माझी चूक. दोरीला नुसता आराम दिला की दुखणं जातं, पण दोरी कमजोरच राहते, उलट आणखी ढिली पडते. पुन्हा पळालो की तीच कमजोर दोरी तोच भार घेते. म्हणून तीनदा तेच झालं.

यावरचा उपाय स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन या हाडांच्या सर्जनने दाखवला. त्यांचंच अकिलीस दुखत होतं. गंमत अशी सांगतात की ऑपरेशन करून मिळेना, म्हणून दोरी तुटू दे एकदाची, या हिशेबाने त्यांनी तिच्यावर जोरदार व्यायाम केला. ती तुटली नाही, बरी झाली! मग १९९८ मध्ये त्यांनी जुनाट दुखण्याच्या १५ हौशी धावपटूंवरचा अभ्यास छापला. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाच हळूहळू खाली सोडायची, १५ वेळा, असे तीन सेट गुडघा सरळ ठेवून आणि तीन सेट थोडा वाकवून. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. ते सगळे १५ जण पुन्हा पळायला लागले. प्रत्येकाला इतकं यश मिळेलच असं नाही, पण टेंडनला भारच बरं करतो, हे तेव्हापासून पक्कं होत गेलं.

मी घराच्या ओट्याच्या पायरीवर हेच केलं. वर जाताना दोन्ही पायांवर, खाली येताना दुखऱ्या पायावर. पुढे पाठीवर दप्तर, त्यात आधी पुस्तकं, मग पाण्याच्या बाटल्या. पहिले चार आठवडे काही फरक नाही. सातव्या-आठव्या आठवड्यात एका सकाळी लक्षात आलं की पलंगावरून उतरून मी सरळ चाललोय.

यात पळणं पूर्ण बंद करावं लागत नाही. दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्यायचे. व्यायाम करताना किंवा हळू पळताना पाचपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा आधीच्या पातळीवर आलं पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. सकाळी आखडलेपण वाढलं तर काल जास्त झालं, आज कमी करा. पण हा पाचचा नियम टेंडनसाठी आहे. हाडासाठी आकडा एकच, शून्य.

तळपायाच्या टाचेत सकाळच्या पहिल्या पावलाला सुई टोचल्यासारखं होतं, त्यालाही साधारण हीच दिशा. टॉवेलची घडी बोटांखाली ठेवून टाच उचलायचा व्यायाम, एक दिवसाआड. गुडघ्याच्या वाटीभोवती दुखत असेल, विशेषतः उतरताना, तर मांडीचे आणि खुब्याचे स्नायू तयार करा. काही दिवस घाट उतरणं आणि शिवनेरीच्या पायऱ्या पळत उतरणं बंद. आणि पावलं थोडी छोटी, पण जलद टाका. मिनिटाला पाच ते दहा टक्के जास्त पावलं टाकली तरी गुडघ्यावरचा ताण कमी होतो. हे फुकट आहे, मोबाईलवर मोजता येतं.

बर्फ, गोळी, पट्टी

बर्फाने बरं वाटतं, लावा. पण त्याने आतलं काम लवकर होत नाही. पट्टीचंही तेच.

गोळीचं मात्र गंभीर आहे. दुखणं ही शरीराने दिलेली एरर आहे. पळण्याआधी गोळी खाणं म्हणजे एरर दिसू नये म्हणून स्क्रीन बंद करणं. प्रोग्राम आत तुटतच राहतो. शिवाय उन्हात, कमी पाणी पिऊन, वेदनाशामक गोळ्या घेऊन पळणं मूत्रपिंडाला धोक्याचं. ग्राउंडच्या आधी "एक इंजेक्शन मारून घे" असं कोणी म्हणालं तर त्याला विचारा, इंजेक्शन उतरल्यावर पाय कोणाचा?

परत कसं यायचं

हाडाच्या दुखण्यात हे सगळं डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.

आधी पात्रता. सलग ३० मिनिटं भरभर चालून त्या वेळी आणि दुसऱ्या दिवशीही दुखलं नाही पाहिजे. एका पायावर दहा उड्या बिनदुखीच्या. एका पायावर टाच उचलणं, वीसेक वेळा, दोन्ही पायांचं जवळपास सारखं.

मग एक दिवसाआड. एक मिनिट हळू पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. तीन-चार दिवस ठीक गेले की दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं. असं करत २० मिनिटं सलग. त्यानंतर अंतर वाढवायचं. वेग सगळ्यात शेवटी. आपण उलटं करतो, परतल्याच्या पहिल्या दिवशी टायमिंग लावतो. आधी २०० मीटरचे चार तुकडे, मग ४००, आणि पूर्ण १६०० जोर लावून आठ-दहा दिवसांतून एकदाच.

वाढवायचं किती? "आठवड्याला दहा टक्के" हा नियम तुम्ही ऐकला असेल. नेदरलँड्समध्ये २००८ साली नवख्या धावपटूंवर तो तपासला. हळूहळू वाढवणाऱ्यांत आणि नेहमीच्या पद्धतीने वाढवणाऱ्यांत दुखापतींचं प्रमाण सारखंच निघालं, दर पाचात साधारण एक. मग २०२५ मध्ये पाच हजारांहून जास्त धावपटूंच्या घड्याळांतल्या नोंदींचा अभ्यास आला. त्यात दिसलं की आठवड्याच्या बेरजेपेक्षा एका दिवसाची उडी जास्त नडते. गेल्या ३० दिवसांतलं तुमचं सगळ्यात लांब पळणं जेवढं, त्याहून दहा टक्क्यांपेक्षा जास्त एका दिवशी पळालात की धोका वाढतो. माझी तीनवरून दहाची उडी आठवा.

म्हणून वही ठेवा, किंवा मोबाईलची नोट. रोज तीन आकडे: किती पळालो, पळताना किती दुखलं, सकाळी किती दुखलं. मी एक्सेल ठेवतो, आतेभाऊ कॅलेंडरच्या चौकोनात पेनाने लिहितो. त्याचंच जास्त नियमित आहे.

शेवटी, तारखेचं काय?

मला माहितीये, ऐकणाऱ्यांपैकी काहीजण म्हणतील, "दादा, सगळं बरोबर, पण ग्राउंड महिन्यावर आहे." खुल्या गटाला पोलीस शिपाई भरतीची वयोमर्यादा २८, मागास प्रवर्गांना ३३. ज्याचं वय सरत आलंय त्याला "थांब" सांगणं सोपं नाही. मीही आतेभावाला सांगू शकलो नव्हतो. खरं तर त्याने मला एकदा विचारलंही होतं, "नडगी जास्त दुखतेय रे." मी तेव्हा माझ्याच अनुभवावरून म्हटलं, "थोडं पळत राहा, आरामाने काही होत नाही." दोरीचा सल्ला मी हाडाला दिला. ते मला अजून लागतं, आणि हा एपिसोड करायचं खरं कारण तेच आहे.

म्हणून एवढंच करा. घोळक्यात कोणी लंगडत असेल तर त्याला "चल चल" म्हणण्याआधी विचारा, "बोटाने दाखव, कुठे दुखतंय?" ठिपका दाखवला तर त्या दिवशी त्याला पळू देऊ नका. ग्राउंडला महिना असेल आणि आज पंधरा दिवस थांबून तपासलं, तर कदाचित ग्राउंड मिळेल, कदाचित नाही. पण चिरेवर पळालात तर हे ग्राउंडही जातं आणि पुढचंही.

आतेभाऊ पाच महिन्यांनी पुन्हा पळतोय. मागच्या रविवारी त्याने १६०० मीटर पाच मिनिटं बेचाळीस सेकंदांत मारलं, न दुखता. जुन्या टायमिंगपेक्षा अजून मागे आहे. पुढच्या भरतीला त्याचं वय बसतंय. मी विचारलं, "सकाळी किती दुखलं?" तो म्हणाला, "शून्य. लिहिलंय."

तुमचा आकडा काय आहे ते कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या एपिसोडला.